प्रश्न वाचकांचे : 'डग्लस' लिहिणारा पाद्री

या सदरात मागे एकदा जॉन ह्यूम या स्कॉटिश पाद्री-नाटककाराचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेत आहोत. ज्यांच्या वाचनातून तो उल्लेख सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात : जन्म १७२२, एडिंबराच्या बंदराचे गाव लीथ. शिक्षण एडिंबरा विद्यापीठात. १७४५ मध्ये धर्मोपदेशाचा परवाना, १७४६ मध्ये अ‍ॅथेलस्टनफर्ड या खेड्याच्या चर्चवर नेमणूक. १४ डिसेंबर १७५६ रोजी त्याचे 'डग्लस' हे शोकनाट्य एडिंबरात रंगमंचावर आले आणि सहा महिन्यांच्या आत, ७ जून १७५७ रोजी, त्याने चर्चची नोकरी सोडली. मृत्यू १८०८.

इंग्रजी पुस्तकात त्याचे आडनाव 'होम' असे दिसते. तुम्ही 'ह्यूम' लिहिता. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमशी गल्लत तर झाली नाही ना? (धरमपेठ)

गल्लत नाही. स्पेलिंग 'होम'चे, उच्चार 'ह्यूम'चा. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचे हे जुने घराणे आणि उच्चार पहिल्यापासून असाच. १९६३-६४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असलेले अ‍ॅलेक डग्लस-ह्यूम हे याच आडनावाचे.

गंमत अशी की डेव्हिड ह्यूमही जन्माने याच स्पेलिंगचा. इंग्रज लोक हटकून चुकीचा उच्चार करतात म्हणून त्याने १७३४ मध्ये 'ओ' काढून 'यू' घातला. जॉनने मात्र वडिलोपार्जित स्पेलिंग सोडले नाही. दोघे जिवलग मित्र, पण या एका अक्षरावरून त्यांचा कायमचा वाद. दुसरा वाद दारूचा : जॉनच्या मते क्लॅरेट, म्हणजे फ्रान्सची तांबडी वाइन, हेच खरे पेय; पोर्ट ही पोर्तुगालची गोड वाइन त्याला मुळीच चालत नसे. १७७६ च्या एप्रिलमध्ये आजारी डेव्हिड उपचारासाठी इंग्लंडमधल्या बाथ या गावी निघाला तेव्हा जॉन त्याच्यासोबत गेला. त्याच ऑगस्टमध्ये, मृत्यूला थोडे दिवस उरले असताना, डेव्हिडने मृत्युपत्रात एक पुरवणी जोडली. जॉनला जुन्या क्लॅरेटच्या दहा डझन बाटल्या, त्याने स्वतः निवडून घ्याव्यात अशा. आणि पोर्टची फक्त एक. शिवाय पोर्टच्या आणखी सहा डझन, पण एका अटीवर : ती एकुलती एक बाटली आपण एकट्याने दोन बैठकींत संपवली, असे त्याने लिहून द्यावे आणि खाली सही 'यू' घालून करावी. म्हणजे आपल्या दोघांत ऐहिक बाबतीत झालेले दोनच मतभेद एकदम मिटतील, असे डेव्हिडने पुढे लिहिले आहे. मरणाच्या दारात बसून मित्राला असे लिहिता येणे, यावरून ती मैत्री कशी होती ते समजते.

लिहिताना दोघांचीही पूर्ण नावे लिहा, नुसते 'ह्यूम' लिहिलेत की वाचक तत्त्वज्ञाकडे जातो. ग्रंथालयाच्या यादीत मात्र 'ह्यूम'खाली शोधू नका. तिथे एच, ओ, एम, ई हीच अक्षरे लागतील.

आमचा ग्रुप त्याच्यावर एकांकिका बसवून राहिला आहे. शेवटच्या प्रवेशात बिशप भर चर्चमध्ये त्याचा झगा उतरवतो, वेदीवरच्या मेणबत्त्या विझवतो आणि त्याला हाकलून लावतो. त्याच रात्री थिएटर रॉयलमध्ये 'डग्लस'चा पडदा उघडतो. इतिहासाच्या दृष्टीने हे चालेल का? (महाल)

नाही चालणार. प्रवेश परिणामकारक होईल हे खरे, पण त्यात चार गोष्टी चुकल्या आहेत, आणि त्या दुरुस्त केल्यात तर हातात याहून चांगले नाटक येईल.

बिशपपासून सुरुवात करू. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये १६९० पासून बिशप हे पदच नाही. ते प्रेसबिटेरियन चर्च आहे; कारभार पायरीपायरीने चढत जाणाऱ्या सभांकडून चालतो. गावातल्या चर्चचा पाद्री आणि तिथले वडीलधारे यांचे 'सेशन'. आसपासच्या अनेक गावांची मिळून 'प्रेसबिटरी'. अशा काही प्रेसबिटऱ्यांची त्या काळी 'सिनॉड'. आणि सगळ्यांच्या वर वर्षातून एकदा एडिंबरात भरणारी 'जनरल असेंब्ली'. एकट्या माणसाने उठून कोणाला बडतर्फ करण्याची सोयच नाही. आरोपपत्र, उत्तर, मतदान, अपील असे सगळे रीतसर होते. तुमचा खलनायक एक माणूस नसून एक सभा आहे. वेदी आणि तिच्यावरच्या मेणबत्त्याही काढून टाका. या चर्चमध्ये मध्यभागी असते ते प्रवचनाचे उंच व्यासपीठ. मूर्ती नाही, चित्र नाही, वेदी नाही. पोशाख काळा झगा आणि गळ्याशी पांढऱ्या कापडाच्या दोन लहान पट्ट्या. झगा कॅथलिक पाद्र्याचा शिवलात तर जाणकार प्रेक्षक पहिल्या मिनिटालाच तुमच्यापासून दुरावेल.

दुसरे म्हणजे जॉनला कोणी हाकलले नाही. ही चूक जवळजवळ सगळेच करतात. एडिंबराच्या प्रेसबिटरीने ५ जानेवारी १७५७ रोजी नाट्यगृहांविरुद्ध एक कडक जाहीर सूचना काढली. पण जॉनचे गाव त्या प्रेसबिटरीत नव्हतेच. ते हॅडिंग्टनच्या प्रेसबिटरीत, आणि त्याच्यावर काय ते करण्याचा अधिकार तिचाच. तिथे प्रकरण निकालापर्यंत पोचण्याआधी, रविवार ५ जून १७५७ रोजी, त्याने आपल्या गावकऱ्यांपुढे निरोपाचे प्रवचन केले आणि दोन दिवसांनी राजीनामा दिला. शेवटचा प्रवेश हवा असेल तर हा घ्या. अकरा वर्षे ज्यांच्या बारशाला, लग्नाला, मयताला उभा राहिला त्या गावकऱ्यांसमोर एक माणूस शेवटचे बोलतो. त्याला कोणी ढकललेले नाही, तरी तो चालला आहे.

तिसरे, तारखांचा क्रम उलटा झाला आहे. नाटक आधी, वाद नंतर, राजीनामा सगळ्यात शेवटी. मधल्या काळात १४ मार्च १७५७ रोजी ते लंडनच्या कॉव्हेंट गार्डनलाही लागले होते. लंडनचा नामांकित नट आणि नाट्यगृहचालक डेव्हिड गॅरिक याने नाकारलेले हे नाटक कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाचा चालक जॉन रिच याने तिथे केले.

चौथी चूक थिएटर रॉयलची, आणि खरे नाट्य इथेच दडलेले आहे. १७५६ मध्ये एडिंबरात सरकारमान्य नाट्यगृहच नव्हते. राजाची सनद असलेले थिएटर रॉयल तिथे १७६९ मध्ये उघडले. १७३७ च्या परवाना कायद्याप्रमाणे विनापरवाना पैसे घेऊन नाटक करणाऱ्याला पन्नास पौंड दंड होता. मग कॅननगेट भागातल्या त्या नाट्यगृहात प्रयोग होत कसे? जाहिरात संगीताच्या मैफलीची. तिकीट मैफलीचे. मैफलीच्या पुढेमागे नाटक 'फुकट' दाखवायचे. पैसे नाटकाचे घेतलेच नाहीत, मग दंड कशाचा? सगळ्या शहराला ठाऊक असलेली ही पळवाट वर्षानुवर्षे चालली. म्हणूनच पाद्र्यांविरुद्धच्या तक्रारीत दोन दोष एकत्र येतात : नाटक पाहणे हा नीतीचा प्रश्न, आणि बेकायदा जागी जाऊन बसणे हा कायद्याचा. तुमच्या संहितेत फक्त पहिला आहे. दुसरा आणलात की चर्चमधले विरोधक निव्वळ कर्मठ न राहता त्यांच्याही बाजूला थोडे बळ येईल, आणि संघर्षाला धार चढेल.

आता एक सूचना. खरी झळ नाटक लिहिणाऱ्यापेक्षा ते पाहायला गेलेल्या पाद्र्यांना बसली. लिबर्टनच्या पाद्र्याला काही आठवडे निलंबित केले. कोणाला खटकू नये म्हणून आपण कोपऱ्यात लपून बसलो होतो, अशी विनवणी त्याने केली, आणि त्यामुळेच शिक्षा हलकी झाली. याच्या अगदी उलट इन्व्हरेस्कचा पाद्री अलेक्झांडर कार्लाइल. तो उघडपणे गेला, माफी मागायला तयार झाला नाही, आणि डॅलकीथच्या प्रेसबिटरीने त्याच्यावर आरोपपत्र ठेवले. प्रकरण सिनॉडमध्ये गेले. तिने नापसंती नोंदवली, पण खटला पुढे चालू दिला नाही. जनरल असेंब्लीनेही तोच निर्णय कायम केला. आणि लगेच पाद्र्यांनी नाट्यगृहात जाऊ नये याकडे प्रेसबिटऱ्यांनी लक्ष द्यावे, असा ठरावही केला. माणूस सुटला, नियम घट्ट झाला.

हाच कार्लाइल प्रयोगाची गर्दी ओसरू लागली तेव्हा 'डग्लस या रक्तरंजित शोकनाट्याची संपूर्ण खरी हकिकत' अशा थाटाचे एक पत्रक लिहून गल्लीबोळांत विकायला लावतो, आणि ज्यांनी कधी नाट्यगृहाची पायरी चढली नसती अशा लोकांनी आणखी दोन रात्री थिएटर भरते. एकांकिकेच्या पहिल्या प्रवेशाला याहून चांगला माणूस मिळणार नाही.

पहिल्या प्रयोगाला कोणीतरी 'आता कुठे गेला तुमचा विली शेक्सपियर?' असे ओरडले म्हणतात. हे खरे आहे का? (इतवारी)

ही तोंडोतोंडी आलेली आख्यायिका आहे. नाटकात एखाद्या पात्राच्या तोंडी घालायला हरकत नाही. लेखात 'प्रत्यक्षदर्शीने लिहून ठेवले आहे' असे म्हणू नका. त्यामागची भावना मात्र अस्सल. १७०७ मध्ये स्कॉटलंडची पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाली होती. पन्नास वर्षांनी आपल्या मातीतल्या कथेवर, आपल्याच माणसाने लिहिलेले नाटक आपल्या शहरात उभे राहते आहे, याचा तो आनंद. डेव्हिड ह्यूमनेही १७५७ चे आपले चार निबंधांचे पुस्तक जॉनला अर्पण करताना त्याची तोंड भरून स्तुती केली. विरुद्ध मतही आले. इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनच्या मते अख्ख्या नाटकात चांगल्या दहा ओळीसुद्धा नव्हत्या. आमच्या मते दोघेही ताणतात. हे शेक्सपियरच्या तोडीचे नाही, पण दुसऱ्या आणि चौथ्या अंकात जे आहे ते दहा ओळींपेक्षा पुष्कळ अधिक आहे.

फॉलकर्कच्या लढाईची तारीख एका पुस्तकात १७ जानेवारी १७४६, दुसऱ्यात २८ जानेवारी. जॉन ह्यूम या लढाईत पकडला गेला ती नेमकी कोणती? आणि तो तुरुंगातून पळाला कसा? (मानेवाडा)

दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या. ब्रिटनने १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग ठेवले होते आणि ते युरोपच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या अकरा दिवस मागे होते. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. त्याआधीची तारीख कोणत्या पंचांगाची ते लेखकाने सांगितले नसेल तर असा घोटाळा होतो. स्कॉटलंडच्या इतिहासात १७ जानेवारी हीच तारीख रूढ आहे, तीच वापरा. १७५२ नंतरच्या तारखांना हा प्रश्न नाही, त्यामुळे 'डग्लस'च्या सगळ्या तारखा निर्धास्तपणे घ्या.

१७४५ मध्ये स्ट्यूअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स गादीवर हक्क सांगत फौजेसह उतरला. जॉन तेव्हा तेवीस वर्षांचा. राजा जॉर्जच्या बाजूने स्वयंसेवक म्हणून उभा राहिला. फॉलकर्कला सरकारी फौज हरली, तो पकडला गेला, आणि काही सोबत्यांसह डून किल्ल्यात कोंडला गेला. त्यांनी अंथरुणा-पांघरुणांचे दोर वळले आणि सुमारे ७० फूट उंचीच्या तटावरून रात्री एकेक जण उतरला. बऱ्याच जणांचे वजन पेलून दोर शेवटी तुटला. मागून उतरणारा एक मित्र पडून जबर जखमी झाला, तरी सोबत्यांनी त्याला टाकले नाही. अशा दोरात पीळ सुटतो तो गाठीपाशी, आणि प्रत्येक उतरणाऱ्यागणिक ती गाठ थोडी सरकते. रंगमंचावर दाखवायचे तर आधीच्या माणसांच्या वेळी दोराचा ताण नटांच्या हातांत दिसू द्या, म्हणजे तुटण्याची तयारी प्रेक्षकाच्या मनात आधीच होते.

महालच्या ग्रुपनेही हा भाग वाचावा, कारण त्याच किल्ल्यात आणखी एक तरुण पाद्री कैदेत होता : जॉन विदरस्पून. अकरा वर्षांनी, १७५७ मध्ये, 'डग्लस'च्या निमित्ताने रंगभूमीविरुद्धची सर्वांत गंभीर पुस्तिका लिहिली ती याच विदरस्पूनने. आणि पुढे अमेरिकेला जाऊन १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाराही हाच. एकाच तुरुंगात राहिलेले दोघे, एक नाटक लिहितो, दुसरा नाटक पाप ठरवतो. विदरस्पूनला मूर्ख दाखवू नका. रोजच्या जगण्यात नाटकासारखी उत्तेजना लागू लागली की माणसाचे मन कशावरच स्थिर राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते त्याने नीट मांडले होते.

स्पर्धेसाठी 'डग्लस'मधल्या नॉर्व्हलचे प्रसिद्ध स्वगत मराठीत करून म्हणायचे आहे. कसे करावे? नॉर्व्हल मेंढपाळाचा पोर, म्हणून त्याला वऱ्हाडी बोलायला लावले तर? (सीताबर्डी)

पहिली गोष्ट, ते स्वगत नाही. दुसऱ्या अंकात लॉर्ड रँडॉल्फचा जीव मारेकऱ्यांपासून वाचवणारा एक अनोळखी तरुण वाड्यात येतो. लॉर्ड त्याला विचारतो, तू कोण? त्याचे हे उत्तर आहे. समोर लॉर्ड उभा आहे आणि बाजूला लेडी रँडॉल्फ, जी त्याची जन्मदात्री आहे आणि हे दोघांनाही माहीत नाही. एकट्याने प्रेक्षकांकडे पाहून म्हटले की त्याची फुशारकी होते, आणि सादरीकरण नेमके इथेच फसते. एक नजर लॉर्डकडे ठेवा. उत्तर देणारा मुलगा लाजरा आहे. शौर्याचे प्रसंग तो सांगतो कारण त्याला विचारले आहे.

प्रसंग माहीत नसलेल्यांसाठी : लेडी रँडॉल्फने तरुणपणी शत्रुघराण्यातल्या डग्लसशी गुपचूप लग्न केले. तो लढाईत गेला. तान्हे मूल दाईबरोबर पाठवले, ते पुरात नाहीसे झाले. प्रत्यक्षात एका मेंढपाळाला ते टोपलीत, दागिन्यांसकट सापडले आणि त्याने वाढवले. मराठी वाचकाला कर्ण आठवणारच. फरक असा की कुंतीने मूल आपल्या हातांनी सोडले आणि सत्य गिळले. इथे आई मुलाला ओळखते, जवळ घेते, आणि त्याच रात्री गमावते.

उताऱ्यात तीसेक ओळी आहेत. ओळ दहा अक्षरावयवांची, पाच आघातांची, यमक नाही. मराठीत ओळीला ओळ बसवायचा हट्ट केलात तर दर ओळीशी वाक्य तुटेल, आणि मुळात तर वाक्ये ओळींवरून वाहतात. निर्यमक पण लय असलेले गद्य करा, श्वास अर्थाप्रमाणे घ्या. 'मेंढपाळ पळाले... मी एकटा' या ठिकाणी मुळात 'मी एकटा' ओळीच्या शेवटी लोंबते. तिथे अर्धा श्वास ठेवा, वाढवू नका.

चंद्राच्या ओळीत जवळजवळ सगळे भाषांतरकार अडखळतात. शब्दशः अर्थ असा : काल रात्री उगवलेला, माझ्या ढालीसारखा गोल चंद्र जेव्हा अजून आपली शिंगे भरून झाला नव्हता, तेव्हा टोळ्या डोंगरावरून उतरल्या. पुष्कळ जण 'काल रात्री टोळ्या आल्या' असे करून टाकतात. तसे नाही. काल पौर्णिमा होती. हल्ला झाला तेव्हा चंद्र कोरीचा होता. म्हणजे मध्ये एक पंधरवड्याच्या आतबाहेरचा काळ गेला, आणि तेवढ्यात हा मुलगा लढला, जिंकला, घर सोडून इथवर चालत आला. आपल्याकडे तर तिथीवर बोलणे रोजचेच. 'काल पुनवेला ढालीएवढा झालेला हा चंद्र नुसती कोर होता तेव्हा' असे केलेत तर श्रोत्याला हिशेब आपोआप कळेल. आणखी एक : सरदाराला त्याने बाणाने मारले, तलवारी उपसण्याच्या आधी, आणि आज अंगावर जे चिलखत आहे ते त्या सरदाराचे. चिलखतावर हात ठेवायचा तो इथे, आधी नाही. आणि शेवटी तो स्वतःबरोबर आणलेला नोकर भित्रा निघाला असे सांगतो, तिथे हसू येऊ देऊ नका. तो अजून मागे उभा आहे.

वऱ्हाडीबद्दल. आमचे मत : फक्त नॉर्व्हलला नको. मूळ नाटकात म्हातारा मेंढपाळ, लॉर्ड, लेडी, दासी सगळे एकाच भारदस्त इंग्रजी पद्यात बोलतात. जॉन स्वतः घरी स्कॉट्स बोलणाऱ्या लोकांतला, तरी त्याने बोलीचा वापर केला नाही, आणि त्याच्या मित्रमंडळींत तर लिखाणातून स्कॉट्स प्रयोग वेचून काढण्याचा उद्योगच चालत असे. एकट्या नॉर्व्हलला बोली दिली की ती गावंढळपणाची खूण बनते, आणि त्याच्या बोलण्यातूनच आईला काहीतरी ओळखीचे जाणवते हा धागा तुटतो. पण संपूर्ण नाटक वऱ्हाडीत करायची छाती असेल तर जरूर करा. तसे केलेत तर नावेगावेही बदला. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते भाषांतराच्या अंगाने, देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंजारराव' केले ते आपल्या मातीत रुजवून. वऱ्हाडीचा रस्ता देवलांचा आहे, आणि त्या रस्त्यावर अर्धे जाऊन थांबता येत नाही.

संपूर्ण नाटक हौशी संस्थेला झेपेल का? हक्कांचे काय? (सदर)

झेपेल. महत्त्वाची पात्रे सहाच, चार पुरुष आणि दोन स्त्रिया. एक दिवस, एक वाडा आणि भोवतालचे रान. लेडी रँडॉल्फने शेवटी कड्यावरून घेतलेली उडी रंगमंचावर नाही. अ‍ॅना ही दासी येऊन सांगते. तेव्हा कडा उभारण्याच्या खर्चात पडू नका. शेवटची झुंजही आत होते, फक्त तलवारींचा खणखणाट ऐकू येतो आणि नायक जखमी होऊन बाहेर येतो, मरतो मात्र तो प्रेक्षकांसमोर. लोखंडी पात्यांचा आवाज विंगेतच करा, दोन्ही नटांच्या हातांतल्या तलवारी हलक्या ठेवा.

लेखकाला जाऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली; आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, त्यामुळे मूळ नाटक सर्वांसाठी खुले आहे. अलीकडच्या आवृत्तीची प्रस्तावना, टीपा किंवा दुसऱ्याचे भाषांतर मात्र खुले नाही. आणि मराठी संहितेला जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागेल. ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

राजीनाम्यानंतर त्याचे पोट कशावर चालले? (प्रतापनगर)

लॉर्ड ब्यूट या बड्या स्कॉटिश सरदाराचा खासगी सचिव झाला. ब्यूट हा युवराजाचा गुरू. १७६० मध्ये तो युवराज तिसरा जॉर्ज म्हणून गादीवर आला आणि जॉनला वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. पुढे हॉलंडच्या व्हेअर बंदरातल्या स्कॉटिश व्यापारी हक्कांच्या रक्षकाचे, फारसे काम नसलेले पदही. शिवाय नाटककाराला लंडनमध्ये साधारणपणे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या रात्रीचे उत्पन्न, खर्च वजा जाता, मिळे. म्हणून तिसऱ्या रात्रीपर्यंत नाटक टिकणे लेखकाला जिवाभावाचे.

पुढची नाटके त्या मानाने पडलीच. 'एजिस' गॅरिकने आधी नाकारले होते, 'डग्लस' गाजल्यावर १७५८ मध्ये केले. १७६९ च्या 'द फेटल डिस्कव्हरी'ला तर ब्यूटमुळे लंडनमध्ये स्कॉट लोकांवर इतका राग होता की गॅरिकने लेखकाचे नाव लपवून ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याला लेखक म्हणून पुढे केले. खरे नाव कळताच गर्दी आटली. १७७८ चे 'आल्फ्रेड' तीन रात्रींत उतरले आणि त्याने नाटक सोडले. त्याच वर्षी एका सैनिकी पलटणीत असताना घोड्यावरून पडून डोक्याला मार बसला. बुद्धीची पूर्वीची चपळाई परत आली नाही. १८०२ मध्ये त्याने १७४५ च्या बंडाचा इतिहास प्रसिद्ध केला. तरुणपणी ज्याने ती लढाई पाहिली त्याच्याकडून लोकांना अधिक मोकळ्या लिखाणाची अपेक्षा होती, आणि ती पुरी झाली नाही.

'डग्लस' मात्र त्याच्यापेक्षा जास्त जगले. एडिंबरात १७८४ मध्ये प्रख्यात नटी सारा सिडन्स आली तेव्हा जनरल असेंब्लीला महत्त्वाचे कामकाज तिच्या प्रयोगांच्या आड येणार नाही असे लावावे लागले, कारण तरुण पाद्री थिएटरात असत. हे लिहून ठेवले आहे त्याच कार्लाइलने. सिडन्सबाईंनी १८१९ मध्ये शेवटचे पाऊल रंगमंचावर ठेवले ते लेडी रँडॉल्फ म्हणूनच.

आपल्या हिस्लॉप कॉलेजचे स्टीफन हिस्लॉप याच चर्चचे का? (सिव्हिल लाइन्स)

मूळ चर्च एकच, पण मध्ये एक फूट आहे. जॉनला अ‍ॅथेलस्टनफर्डचे चर्च मिळाले ते त्या भागातल्या जमीनदाराने नाव सुचवून. १७१२ च्या कायद्याने हा हक्क जमीनदारांना दिला होता, आणि गावाला पाद्री निवडता येत नसे. या हक्कावरून चर्चमध्ये शतकभर भांडण राहिले. जॉनचा मित्रवर्ग जमीनदारी नेमणुका मान्य करणारा, नाटके-तत्त्वज्ञानात रमणारा मवाळ गट. विदरस्पून विरोधी गटात. शेवटी १८४३ मध्ये चारशेहून अधिक पाद्री घर, पगार, चर्चची इमारत सगळे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. हिस्लॉप हे त्या फ्री चर्चचे मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ चे. म्हणजे विचारांच्या नात्याने ते जॉन ह्यूमपेक्षा विदरस्पूनला जवळचे. गावाच्या नात्याने मात्र उलटे : हिस्लॉप जन्मले ते डन्स या गावी, आणि १७७० मध्ये जॉनने जिच्याशी लग्न केले त्या मेरीचे वडील डन्सच्या शेजारच्याच फोगो गावचे पाद्री होते.